दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल : एका बेसवादकाचं प्रकरण

या प्रकरणातले गृहस्थ आता हयात नाहीत. धोबी तलावजवळच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही पहिल्यावर. आम्ही मुलं त्यांना अंकल म्हणायचो आणि इथेही मी तेच म्हणणार आहे. नाव, गाव, हॉटेल आणि ज्यांच्याकडे त्यांनी काम केलं ते संगीतकार-अरेंजर, हे सगळं घरच्यांच्या इच्छेनुसार वगळलं आहे. बाकी हकिकत त्यांनी मला सांगितली तशी, आणि पुढे त्यांच्या वह्यांमध्ये मला सापडली तशी.

मी त्यांच्याकडे बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांचं विजेवरचं गिटार, शिकलो. म्हणून हे लिहिताना मी तटस्थ नाही.

पार्श्वभूमी

अंकल मूळचे बार्देशचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तिथे मुलांना अक्षरांबरोबर सूर वाचायला शिकवत. शिकवणारा तो मेस्त. आधी दो-रे-मी तोंडाने म्हणायचं, हाताने ताल धरायचा, कागदावरचे ठिपके बघता बघता गाता यायला लागले की मगच व्हायोलिनला हात लावायचा. अंकल सांगायचे, पहिलं वर्षभर त्यांनी वाद्य नुसतं भिंतीवर टांगलेलं पाहिलं. मुंबईच्या हॉटेलांत आणि फिल्म स्टुडिओंत गोव्याच्या वादकांना एवढी मागणी का होती, याचं निम्मं उत्तर या शाळांत आहे. पानावर लिहिलेलं पहिल्याच वाचनात वाजवणारी माणसं त्या काळात दुसरीकडे फारशी मिळत नव्हती.

१९४९ साली, सतराव्या वर्षी, ते मुंबईत आले आणि आपल्या गावाच्या कुडीत उतरले. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेली राहण्याची जागा. धोबी तलावच्या जेर महालमध्ये अशा कितीतरी कुडी होत्या. भिंतीला ओळीने ट्रंका, रात्री चटई, गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. जहाजावरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि बँडमधला ट्रंपेटवाला एकाच खोलीत झोपायचे. नोकऱ्यांची बातमी तिथेच फिरायची.

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण सर्वांत खालच्या सुरांचं मोठं वाद्य, त्यांच्याकडे आला तो असाच. कुडीत व्हायोलिनवाले पुष्कळ होते. एका बँडचा बेसवाला बोटीवर नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि वाद्य, माणसाहून उंच, कोपऱ्यात तसंच उभं राहिलं. बँडमास्तरने विचारलं, कोण शिकतो? अंकलनी हात वर केला. व्हायोलिनच्या तारा पंचमाच्या अंतराने लावतात, बेसच्या मध्यमाच्या अंतराने : मी, ला, रे, सोल. त्यामुळे डाव्या हाताचं सगळं नव्याने शिकावं लागलं. तीन महिन्यांनी ते बँडमध्ये उभे राहिले.

त्या वेळी मुंबईत जॅझला पंधराएक वर्षं झाली होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये आला, मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट इथे रमले. १९३९ पासून मिकी कोरियाचा बँड ताजमध्ये दोन दशकं वाजला. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँतोनिओ झेवियर वाझ यांना लोक, अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगवरून, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणत. अंकल ज्या बँडमध्ये होते तो अकरा जणांचा : सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, ड्रम आणि बेस. अमेरिकेहून छापील पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी वेगळे लिहिलेले सुरांचे कागद, यायचे ते तेरा-चौदा वाद्यांसाठी असायचे, त्यामुळे प्रत्येकाला थोडं शेजाऱ्याचंही वाजवावं लागे.

बेसचं काम ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. बार म्हणजे गाण्याचा चार मात्रांचा एक तुकडा आणि कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. बारच्या चार मात्रांवर चार सूर, पण ते चार सूर एका कॉर्डमधून दुसऱ्या कॉर्डमध्ये चालत जायला हवेत. ट्रंपेट चुकलं तर लोक वळून बघतात. बेस चुकला तर कोणाला काय झालं ते समजत नाही, फक्त नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानिस्ट डेव्ह ब्रूबेक मुंबईत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर यूजीन राइट बेसला होते. अंकल ती मैफल आयुष्यभर सांगत. ब्रूबेक काय वाजवत होते ते त्यांना आठवत नव्हतं. राइट कुठे थांबले हे आठवत होतं.

एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. हॉटेलांचा डिनर-डान्स लगेच बंद पडला नाही, पण त्याच्या पैशाचा झरा आटला. बँड ठेवणं परवडेना. नेमक्या त्याच सुमाराला फिल्मसंगीतातला वाद्यवृंद मोठा होत होता. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट साहाय्यक होते, शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर होते. चाल संगीतकाराची, पण ती तीस-चाळीस वाद्यांत वाटून कागदावर उतरवायची ती अरेंजरने. ते कागद वाचणारी माणसं हॉटेलांतून यायची. अंकल १९५४ पासून अधूनमधून स्टुडिओत जाऊ लागले. सकाळी ताडदेव, महालक्ष्मी किंवा दादर, रात्री चर्चगेटजवळचं हॉटेल.

गोव्याला परतायचा विचार करण्यासारखी परिस्थितीच नव्हती. १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत ती वाट जवळजवळ बंद होती. परवान्याशिवाय जाता येत नसे. त्यांचे वडील गेले ते याच काळात.

अडचण

१९६५ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या.

हॉटेलने बँड अकरावरून पाचावर आणला. तरुण गिऱ्हाइकाला आता गिटारवाल्या मुलांचे ग्रुप हवे होते. अंकलना ठेवलं, कारण पाचांतही बेस लागतोच. पण पगार तिथेच अडकला.

दुसरं, वेळ. त्या काळात गाणं एका दमात ध्वनिमुद्रित होई. गायक, कोरस, सगळी वाद्यं एका वेळी आणि तीही मोजक्या माइकवर. पंचविसाव्या टेकला कोणाची तार तुटली की सव्विसावा. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दुपारी दोनला संपेल की रात्री आठला, हे कोणी सांगू शकत नसे. हॉटेलात मात्र साडेसातला काळा कोट घालून उभं राहायचं. डबल बेस घेऊन ही धावपळ करायची म्हणजे चर्चगेटपासून लोकलच्या लगेज डब्यात, नाहीतर टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधून. एका जुलैमध्ये पावसाने वाद्याचा जोड उकलला. जुन्या वाद्यांना प्राण्यांच्या कातड्याचा सरस लावतात आणि मुंबईची दमट हवा तो सोडवते. दुरुस्तीला पाच आठवडे गेले. पाच आठवडे उसन्या वाद्यावर.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. स्टुडिओत बेस गिटार आलं होतं. एका अरेंजरने स्पष्ट सांगितलं : पुढल्या महिन्यापासून दोन्ही घेऊन ये.

अंकलचं उत्तर होतं, "ते गिटार आहे. मी बेस वाजवतो."

समोर असलेले पर्याय

बोटीवरची नोकरी. पैसा बरा होता, पण घरी बायको आणि दोन लहान मुलं. वर्षातले नऊ महिने समुद्रावर काढायचे हे त्यांना मान्य नव्हतं. कुडीत त्यांनी अशा माणसांची घरं पाहिली होती.

कलकत्ता. पार्क स्ट्रीटवर तेव्हा मुंबईपेक्षा जास्त जॅझ वाजत होतं, तिथे ओळखीही होत्या. पण स्टुडिओचं काम मुंबईतच. तिकडे गेलं की ते कायमचं सुटणार.

हॉटेल सोडून पूर्णवेळ फिल्मचं काम. त्यांच्या हिशेबाने आठ-नऊ शिफ्टमध्ये हॉटेलचा महिना सुटत होता आणि चांगल्या महिन्यात पंधरा शिफ्ट मिळत. पण शिफ्ट मिळायची ती मेसेंजरच्या निरोपावर. संगीतकाराचा मेसेंजर घरी यायचा किंवा खालच्या इराण्याकडे फोन करायचा, 'उद्या नऊला मेहबूब', म्हणजे मेहबूब स्टुडिओत. तो निरोप आला नाही तर का आला नाही हे विचारायची सोय नव्हती. सिने म्युझिशियन्स असोसिएशनमुळे दर्जाप्रमाणे दर ठरले होते खरे, मात्र बोलावणं कोणाला जाईल हे अरेंजरच्याच हातात होतं.

आणि जसं आहे तसं, दोन्ही.

पाचवा एक पर्याय होता. तो १९६५ मध्ये त्यांनी यादीत धरलाच नाही : स्वतः अरेंजर होणं. याकडे मी पुढे येतो, कारण माझ्या मते सगळं प्रकरण तिथे वळतं.

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय : हॉटेल ठेवायचं, सकाळचं फिल्मचं काम ठेवायचं, बेस गिटारला हात लावायचा नाही. दीड वर्ष हे चाललं. पहिले सहा महिने काहीच फरक जाणवला नाही. मग मेसेंजर कमी यायला लागला. १९६६ च्या दिवाळीनंतर सबंध महिन्यात चार शिफ्ट. आंटी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या. ते दीड वर्ष घर त्यांच्या पगारावर चाललं.

इथे मला अंकलची बाजू मांडायची आहे, कारण बाहेरून बघताना हा नुसता हट्ट वाटतो. डबल बेसवर तारेची वाजती लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते, बेस गिटारवर ८६. डबल बेसवर गिटारसारखे पडदे, म्हणजे सुराची जागा दाखवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, नाहीत. सूर कानाने शोधावा लागतो आणि छेडल्यावर तो पटकन विरतो, त्यामुळे प्रत्येक मात्रेला एक स्वाभाविक पोकळी मिळते. बेस गिटारचा सूर रेंगाळतो, तो मुद्दाम हाताने दाबावा लागतो. म्हणजे एका वाद्यावर आवाज काढणं ही मेहनत आणि दुसऱ्यावर आवाज थांबवणं ही मेहनत. पंधरा वर्षं कमावलेला हात सोडून पस्तिशीत पुन्हा शिकाऊ व्हायचं, तेही आपल्याहून दहा वर्षांनी लहान मुलांसमोर, हे सोपं नाही.

दुसरा निर्णय : १९६७ मध्ये त्यांनी बोटीवरून परतलेल्या एका वादकाकडून जुनं बेस गिटार घेतलं. रात्री हॉटेलातून आल्यावर, अॅम्प्लिफायर न लावता, खोलीत बसून चार महिने सराव केला. त्यांना ज्या गोष्टीची भीती होती तिचाच उपयोग झाला. मधल्या पोकळ्या त्यांच्या कानात होत्या, म्हणून त्यांच्या बेस गिटारचा सूर तबला-ढोलकीच्या अंगावर जात नसे. डग्ग्याचा घुमारा आणि बेस आवाजाच्या एकाच खालच्या पल्ल्यात येतात. दोघांनी एकमेकांना जागा दिली नाही तर खाली नुसता चिखल होतो. हे ज्या बेसवाल्याला कळलं, त्याला काम कमी पडलं नाही. पुढची बारा-तेरा वर्षं अंकलना कमी पडलं नाही.

तिसरा निर्णय १९६८ चा. एका अरेंजरला मदतनीस हवा होता. अंकलच्या पार्टवर त्यांनीच पेन्सिलीने बदललेल्या कॉर्ड त्याने पाहिल्या होत्या. तालमीच्या वेळी "इथे ही कॉर्ड बसत नाही" असं हळूच सांगणारा माणूस बहुधा बेसवालाच असतो. सगळ्या सुरांच्या खाली तोच उभा असतो आणि वरचं काय चुकतंय ते त्याला आधी ऐकू येतं. अरेंजरने विचारलं, माझ्याबरोबर सिटिंगला बसशील?

सिटिंग म्हणजे संगीतकाराच्या घरी संध्याकाळी बसणं. चाल बनेपर्यंत वाट बघायची, मग रात्रीतून पार्ट लिहायचे. सुरुवातीचे काही महिने पैसे फारसे नाहीत. आणि संध्याकाळ हॉटेलची.

आंटी म्हणाल्या, "घ्या. हॉटेल आज ना उद्या जाणारच आहे." अंकलनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं : "पुता, हॉटेलात माझ्यासमोर माणसं नाचायची. स्टुडिओत समोर भिंत."

मला हे उत्तर पटतं. निर्णय चुकला असंही वाटतं. रोज रात्री चार तास, कोणी न ऐकलं तरी, आपल्या मनाचा बेस वाजवता येतो यासाठी माणूस कितीतरी सोडायला तयार होतो. पण ते हॉटेल पुढे चारच वर्षं टिकलं. १९७२ मध्ये संगीताची जागा बंद झाली आणि तोवर अरेंजरकडची जागा भरली होती.

चौथ्या निर्णयाबद्दल थोडक्यात. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरवर बेस वाजायला लागला. या वेळी अंकलनी वाट पाहिली नाही. बोलावणी कमी व्हायच्या आतच शिकवण्या सुरू केल्या. माझी शिकवणी त्यातलीच, १९८६ ची.

परिणाम

पैशाच्या बाजूने पाहिलं तर प्रकरण वाईट नाही. दोन्ही मुलं शिकली, मालाडला ओर्लेमजवळ लहानसं घर झालं, कर्ज फिटलं. पेन्शन नव्हतं. म्हातारपण शिकवण्यांवर आणि आंटींच्या निवृत्तिवेतनावर गेलं.

नावाच्या बाजूने काहीच उरलं नाही. त्या काळच्या तबकड्यांवर आणि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं नसत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या हक्काची तरतूद नव्हती. ती १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि तिथेही, चित्रपटात आपलं वादन वापरायला एकदा संमती दिली की पुढे त्या हक्काचा उपयोग राहत नाही, अशी मेख होती. अंकलनी शिफ्टचे पैसे रोख घेतले, व्हाउचरवर सही केली, विषय संपला. त्यांनी कधी याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार मी करतो आहे.

जॅझच्या बाजूने एक प्रसंग. १९७८ च्या फेब्रुवारीत धोबी तलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली. सॉनी रॉलिन्स, क्लार्क टेरी हे अमेरिकन वादक आले होते. अंकल तेव्हा अजून आमच्याच इमारतीत होते, तिथून रंगभवन चालत दहा मिनिटं. ते तिकीट काढून गेले. एके काळचे बँडमधले चार-पाच जण प्रेक्षकांत भेटले, सगळे आता स्टुडिओवाले. मध्यंतरात कोणीतरी म्हणालं, आपण परत एकत्र वाजवू या. तसं झालं नाही.

आणि वह्या. ते गेल्यावर आंटींनी मला चौदा वह्या दिल्या, खिशात मावतील एवढ्या, पाच रेघांच्या. तालमीच्या वेळी ते स्वतःसाठी पार्ट उतरवून घेत. तारीख, स्टुडिओ, पट्टी, प्रत्येक बारची कॉर्ड, मध्ये त्यांचे बदल. अरेंजरांचे मूळ कागद बहुतेक ठिकाणी रद्दीत गेले आहेत. त्यामुळे या वह्यांत कितीतरी गाण्यांचा सांगाडा शिल्लक आहे. फक्त कुठल्याही पानावर गाण्याचं नाव नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वादकाला चित्रपटाचं नाव पुष्कळदा माहीतच नसायचं आणि गाण्याचे शब्द त्याच्या पार्टवर नसायचे.

वेगळं काय करता आलं असतं

बेस गिटारचा नकार दीड वर्ष टिकला, त्याची किंमत मोजून झाली आणि भरूनही आली. त्याला मी फार महत्त्व देत नाही. वाद्य आवडत नसेल तर आधी चार आठवडे भाड्याने आणून बघावं आणि मग नकार द्यावा, एवढं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

१९६८ च्या नकाराबद्दल मात्र मी वर्षानुवर्षं विचार केला आहे. अंकलनी प्रश्न असा मांडला : हॉटेल की सिटिंग, जॅझ की फिल्म. तो तसा नव्हता. हॉटेलच्या मालकाशी आठवड्यातल्या दोन रात्री बदली माणूस देण्याबद्दल बोलता आलं असतं. बँडवाले एकमेकांच्या जागी उभे राहतच होते. कुडीत निरोप टाकला असता तर दोन रात्रींचा बेसवाला संध्याकाळपर्यंत मिळाला असता. त्यांनी विचारलंच नाही. विचारलं तर आहे तेही जाईल ही भीती होती आणि १९६५ मध्ये अकराचे पाच झालेले पाहिलेल्या माणसाला ती वाटणं साहजिक होतं. पण अरेंजर म्हणून त्यांच्या हातचं लिहिलेलं उरलं असतं. गाण्याच्या कॉर्ड बदलायचं काम ते तसंही करत होते, फक्त पेन्सिलीने आणि दुसऱ्याच्या कागदावर.

निर्णय एकट्याने घेतला, हेही खटकतं. आंटींचं मत त्यांच्यासमोर होतं. दीड वर्ष घर चालवलेल्या माणसाला हॉटेल किती टिकेल याचा अंदाज जास्त बरोबर आला होता.

तिसरी गोष्ट वह्यांची. मेसेंजरला किंवा कोरसमधल्या कोणाला गाण्याची पहिली ओळ विचारून पानाच्या डोक्यावर लिहिली असती, तर पुरे होतं. मी आता जिथे जिथे वाजवायला जातो तिथे हे करतो : तारीख, स्टुडिओ, गाण्याची ओळ, कोण अरेंजर, कोण वादक. फोनमध्येही ठेवतो आणि कागदावरही.

गेली सहा वर्षं मी ती पानं गाण्यांशी जुळवतो आहे. पट्टीवर विसंबून चालत नाही, कारण टेपच्या वेगामुळे तबकडीवरचं गाणं कधी अर्ध्या सुराने वर-खाली येतं. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. घरातल्या लहान स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, चांगले हेडफोन लागतात. मी तारखेवरून चित्रपटांची यादी काढतो, मग कॉर्ड बदलण्याच्या जागा मोजतो, मग अंतऱ्याआधीच्या चार बारांत अंकलची ठरावीक उतरती सुरावट शोधतो. ती कानावर आली की आंटींना फोन करतो. त्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत. गाणं सांगितलं की त्यांना बहुतेक वेळा तो दिवस आठवतो : जेवायला किती वाजता आले, पाऊस होता की नव्हता.

आजपर्यंत त्रेचाळीस पानं जुळली आहेत. त्या पानांवर मी ओळ लिहिली आहे, पेन्सिलीने, वरच्या उजव्या कोपऱ्यात.